खळ्यावरचा डबा

त्या सकाळी खळ्यावर तीन चेंडू होते, त्यांतला एक चिरलेला. लोखंडी टाचेची एक बुटकी काठी होती. सयाजी तिला पटर म्हणायचा, बाकीचं घर सायबाची काठी म्हणायचं. दुधाच्या भुकटीचा एक रिकामा डबा जमिनीत तोंडापर्यंत पुरलेला होता. मधोमध मळणीचे बैल जुंपायचा खांब, तिवडा, होता, पण त्याला बैल नव्हते. एक घोंगडं, एक घागर, एक काशाची थाळी, रॉकेलचा एक पत्र्याचा डबा. माणसं सात. पायताणांचे सात जोड खळ्याच्या बाहेर ओळीनं काढलेले, त्यांत सांगलीच्या पाहुण्याचे बूटही, कारण खळ्यावर पायताण घालून कुणी जायचं नाही. सातांपैकी दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि तरीही आवाज इतका होता की बांधावरचा बगळा उठून ओढ्याकडं गेला.

"हात कापतोय बघा ह्याचा," मनुबाई आत्या ओरडल्या. त्या खास इस्लामपूरहून आल्या होत्या. "आरं, एवढं कापायला काय लगीन हाय व्हय तुजं?"

"सरकारनं सा वर्सं पोसला," लालासाहेबांनी सूर ओढला, "आन शिकून काय आला? तर गोट्या. त्याबी काठीनं."

सयाजीची चुलती शालूबाई थाळीवर पळी आपटत होत्या. त्यांच्याकडं पाठ करून सयाजीची आई रंगूबाई रॉकेलचा डबा बडवत होत्या. दोघींचा ताल एकमेकींत मिसळणार नाही, याची दोघी काळजी घेत होत्या.

सयाजीनं पटर मागं नेला, पुढं आणला. चेंडू सारवणावरून सरळ गेला आणि डब्यात पडला.

"टण," मानसिंग म्हणाला. "दहातला नववा. दादा, झ्याक."

ही युक्ती मानसिंगची होती. तो लालासाहेबांचा मुलगा, सयाजीचा चुलतभाऊ, सांगलीच्या कॉलेजातून गेल्याच वर्षी बी.एस्सी. झालेला. ज्वारी अजून रानात उभी होती, मळणीला महिनाभर अवकाश होता; तरी यंदा खळं आधीच चोपून सारवून घ्यायला त्यानं भाग पाडलं होतं. सातारच्या कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावर भोकाभोवती हिरवळ नाही, तेल शिंपून दाबलेली वाळू आहे. त्या वाळूवर चेंडू जितका पळतो, जवळजवळ तितकाच शेणानं सारवलेल्या खळ्यावर पळतो, हे त्यानं दोन्हीकडं उतरत्या फळीवरून चेंडू सोडून, टेपनं मोजून ठरवलं होतं. राहिलं दडपण. दसऱ्यानंतरच्या सामन्यात दादा दडपणानं चुकला; तेव्हा दडपणाची सवय करायची, आणि दडपण म्हणजे गलका. घरात गलक्याला तोटा नव्हता. लालासाहेबांना तर काही शिकवावंही लागलं नव्हतं. ते मनापासून बोलत होते.

सांगलीच्या पाहुण्यानं घसा साफ केला. नेमिनाथ मानसिंगच्या वर्गातला, पेठेतल्या कल्लाप्पा व्यापाऱ्याचा मुलगा. पाहुणा म्हणून तो आतापर्यंत गप्प होता.

"मानसिंग, गड्या," तो म्हणाला, "साताऱ्यात त्या दिवशी कोण ओरडत होतं?"

मानसिंगनं डब्यातला चेंडू काढता काढता मान वर केली.

"कोणीच नाही," नेमिनाथ म्हणाला. "तिथं ओरडायचं नसतंय. खेळणारा काठी उचलला की सगळी चिडीचूप. माझ्या पोटात गुरगुरलं तर पुढचा वकील वळून बघितला."

शालूबाईंची पळी थाळीवर टेकली. रंगूबाईंचा हात डब्यावर थांबला. दोघी एकाच क्षणी थांबल्या हे दोघींनाही आवडलं नाही.

"मंग आमी आठ दिस घसा फोडून घेटला त्यो कशापायी?" मनुबाईंनी विचारलं.

*

दसऱ्यानंतर काय झालं ते घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं सांगून झालं होतं. नेमिनाथचं सांगणं सगळ्यांत थोडक्यात असे.

कॅम्पातल्या क्लबाचा गोरा सेक्रेटरी उन्हाळ्यात विलायतेला चालला होता. त्याच्यामागं मैदान सांभाळायला आणि नव्या मेंबरांना खेळ शिकवायला एक माणूस हवा होता. अर्ज बरेच आले, निवडायला दोघे उरले: पुण्याचा जोतीराम आणि उंब्रजकडचा सयाजी. जोतीराम लहानपणापासून साहेबांच्या पिशव्या उचलत शिकलेला. सयाजी पलटणीत, मिसरमध्ये, मांडीत गोळीचा तुकडा घेऊन बरा होत असताना एका कर्नलचा ऑर्डर्ली झाला होता, आणि कर्नलला खेळायला जोडीदार नसे. पटर त्या कर्नलचा. कमिटीनं सांगितलं, दोघांनी नऊ भोकं खेळायची. ज्याचे फटके कमी, त्याची नेमणूक. शेवटच्या भोकाशी सयाजीचा चेंडू दोन फुटांवर होता. आत गेला की काम झालं. चेंडू काठाला लागून बाहेर गेला. बरोबरी झाली. सेक्रेटरीनं खांदे उडवले आणि फेरसामना संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ठेवला.

तो रविवार आता चार दिवसांवर आला होता. आज अमावास्या, म्हणून औतं आणि गुऱ्हाळ दोन्ही बंद होती. नाहीतर चरकाच्या कुरकुरीत इथं कुणाला काही ऐकूच आलं नसतं.

"बरं," मानसिंग म्हणाला. "मग गप बसू. सगळ्यांनी गप. दादा, मार."

सगळे गप बसले.

"एवढं गप बसायचं म्हंजे," मनुबाई कुजबुजल्या, "मेल्या घरी बसल्यावानी वाटतंय."

"आत्या."

"गप हाय की मी. सांगत व्हते."

सयाजीनं पटर मागं नेला. लालासाहेब खाकरले. सयाजी थांबला, पुन्हा उभा राहिला. शालूबाईंनी बांगडी मागं सारली. मनुबाईंना उचकी लागली, आणि उचकी लागली म्हणून हसू आलं, आणि हसू दाबलं म्हणून उचकी वाढली. घागर कलती करून पाणी प्यावं लागलं. मग लालासाहेब उठले.

"ह्यो पोरखेळ पुरं झाला," ते म्हणाले. "सयाजी, ऐक. फलटनच्या कारखान्यावर मी शबुद टाकलाय. फाटकावर पहाऱ्याची जागा हाय, वर्दी हाय, बंदूक हाय. मानाचं काम हाय. रवारी साताऱ्याला जायाचं तर जा, पन सोमवारी फलटन. जितलास तर बघू. पन तू काय जितत न्हाईस, आमी बघितलंय."

"आबा, रविवार तर होऊ द्या," मानसिंग म्हणाला.

"तू तुजी टेप धर."

सयाजी पटरवर रेलून उभा होता. पलटणीतून आल्यापासून तो घरात फार बोलत नसे. जे बोले ते चुलतीपाशी, चुलीपुढं बसून, आईपाशीही नाही. आता तो चुलत्याकडं न बघता, चिरलेल्या चेंडूकडं बघत बोलला.

"काका, मला बंदूक नगं."

"काय?"

"फाटकावर हुबं ऱ्हातो म्हना, रात्रीबी ऱ्हातो. पन खांद्यावर ती नगं. सा वर्सं व्हती. आता हातात घेटली की बोटं आपली आपनच जागंवर जात्यात. ते नगं मला. ही काठी बरी हाय. हिनं कुनी मरत न्हाई."

शालूबाईंनी मान खाली घातली. त्यांना हे ठाऊक होतं. रंगूबाईंना नव्हतं. त्यांनी मुलाकडं पाहिलं, आणि मग, आवरायच्या आत, जावेच्या खाली घातलेल्या मानेकडं. तिला आधी कळलं. पुन्हा एकदा तिलाच आधी कळलं.

*

लालासाहेब आधीच्या, चौदा सालच्या लढाईत बसऱ्याला होते. परत आल्यावर दोन वर्षं ते माडीवर झोपले नव्हते, आणि का झोपत नाहीत ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी गर्मीचं कारण धरलं होतं. घरातली बंदूक त्यांनी तेव्हापासून स्वतः कधी साफ केली नाही, गडी करायचा. हे कधी कुणाच्या ध्यानात आलं असेल असं त्यांना वाटत नव्हतं, आणि पुतण्याला वर्दी मिळाली की तो ताळ्यावर येईल असं त्यांना का वाटलं, हेही त्या घटकेला त्यांना नीट सांगता आलं नसतं.

ते खळ्याच्या कडेपर्यंत गेले. पायताण पायात सरकवलं. मग पुन्हा काढलं आणि परत येऊन घोंगड्यावर बसले.

"मने," ते बहिणीला म्हणाले, "रास मोजताना बोलतीस का तू?"

"रास मोजताना कोन बोलंल? लक्षुमी जाती."

"मंग तसं बसा. रास मोजताना बसतो तसं. खळं त्येच हाय. ह्ये काय खेळ-बिळ समजू नगा. त्यो चेंडू म्हंजे पायली, आन मापाला हात लावला की तोंड बंद. कुनी शिंकलं तर दातात पदर धरून शिंकायचं."

यानंतर जे झालं त्याचं मानसिंगला पुष्कळ दिवस नवल वाटत राहिलं. त्यानं अर्धा तास समजावून जे झालं नव्हतं ते एका वाक्यानं झालं. मनुबाईंनी पदर डोईवरून घेतला आणि मांडी घातली. शालूबाईंनी थाळी पालथी ठेवली. धान्याची रास मोजताना या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोलत नव्हती. पहिल्या मापाला ‘एक’सुद्धा म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत, आणि तेही मोजणाराच. शांत कसं बसायचं हे त्यांना ठाऊक होतं. कशासाठी बसायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

खळ्यावर शांतता झाली. लांब, पाणंदीत कुणाच्या तरी शेळीची घंटी वाजली, तीही थांबली.

सयाजीनं पटर मागं नेला, पुढं आणला. चेंडू डब्याच्या डाव्या अंगानं गेला.

दुसरा. डावीकडं.

तिसरा, चिरलेला, उजवीकडं.

मनुबाईंनी डोळे मिटले. चेंडू परत आणले गेले. पुन्हा तीन चेंडू, पुन्हा एकही आत नाही. सयाजीच्या बंडीवर पाठीमागं घामाचा डाग पडला होता. थंडी एवढी होती की घागरीला हात लावावासा वाटत नव्हता.

नेमिनाथ या वेळी डब्याकडं बघत नव्हता. तो सयाजीच्या बाजूला, दहा हातांवर उकिडवा बसला होता आणि त्याच्या टोपीकडं बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "राग धरणार नाही तर सांगतो. तुम्ही चेंडू बघतच नाही."

"चेंडू न्हाई तर काय बघतो?"

"मारायच्या आधी वर बघताय. केसभर आधी. काठी अजून चेंडूला लागली नाही तोवर टोपी उठती. टोपी उठली की खांदा उठतो, खांदा उठला की काठीचं तोंड फिरतं. गलक्यात असं होत नव्हतं, मी बघितलं. साताऱ्यात झालं होतं. तिथं मी तुमच्या मागं होतो, पण तेव्हा मला कळलं नाही काय बघितलं ते." त्यानं टोपीकडं बोट केलं. "वर काय बघता?"

सयाजीला स्वतःलाच उत्तर शोधावं लागलं.

"तोंडं बघतो," तो शेवटी म्हणाला.

*

गलका असला म्हणजे घर बरं आहे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अठराव्या वर्षी तो पळून पलटणीत गेला, तेव्हा मागं सोडलेलं घर दिवसभर खडखडत असे: आई आणि चुलती एका जात्यावर बसून भांडत, हसत, गात. जाताना त्यानं फक्त चुलतीला सांगितलं होतं आणि आईला सांगायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातली होती. शालूबाईंनी अंधारात भाकरी बांधून दिली. रंगूबाईंना दुपारी कळलं. त्या दिवसापासून थोरल्या जावेनं धाकटीशी शब्द टाकला नाही.

सहा वर्षांनी तो परत आला तेव्हा जातं होतं, बायका दोघीही होत्या, आणि मध्ये हे होतं. एकीला मीठ हवं असलं तर ती खांबाला सांगे. "खांबा, मीठ सपलंय." दुसरी ते ऐकून मीठ आणी आणि उंबऱ्यावर ठेवी. बाहेरच्याला पत्ताही लागू नये इतकं ते सगळं सराईत झालं होतं. पण मध्येच, जेवताना, पाणी ओतताना, घर एकदम गप होई. तेव्हा सयाजीची मान आपोआप वर येई. आता कुणाचं तोंड उतरलं? आता कोण ताटावरून उठणार? आणि ते आपल्यापायी.

हे त्यानं नेमिनाथला सांगितलं नाही. नेमिनाथला काहीच ठाऊक नव्हतं. कालपासून तो या घरात जेवत होता आणि खांबाशी बोलणं ही इकडची रीत असेल असं समजत होता. म्हणूनच त्यानं जे सुचवलं ते घरच्या कुणाला सुचवता आलं नसतं.

"तोंडं बघायची असतील तर ती डब्यापाशीच ठेवू," तो म्हणाला. "काकू, तुम्ही डब्याच्या ह्या बाजूला बसा. आई, तुम्ही पलीकडं. समोरासमोर. चेंडू तुमच्या दोघींच्या मधून आत जाणार. दादा, तुम्ही कान द्यायचा, डोळा नाही. डबा वाजला तर गेला. नाही वाजला तर नाही गेला. वाजायच्या आधी वर बघायचं नाही."

मानसिंगनं मित्राच्या धोतराचा सोगा ओढला. फार उशीर झाला होता.

सहा वर्षांत त्या दोघींना कुणी समोरासमोर बसवलं नव्हतं. पंगतीत नाही, हळदीकुंकवाला नाही. पाहुण्यानं सांगितलेलं मोडायचं कसं, तेही भल्यासाठी सांगितलेलं? रंगूबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग त्या गेल्या आणि डब्याच्या पलीकडं बसल्या, कारण पाहुणा जैनाघरचा होता, पोरवयाचा होता, आणि आई म्हणाला होता.

शालूबाई अलीकडं बसल्या. दोघींच्या गुडघ्यांत हात-दीड हात अंतर राहिलं असेल.

"आता गप," लालासाहेब म्हणाले. हे सांगायची काही गरज नव्हती.

ही शांतता रास मोजतानाची नव्हती, त्याहून जड होती. रंगूबाईंनी नजर खाली ठेवली. खाली डबा होता, डब्याच्या कडेला सारवणात बोटांचे ठसे होते, आणि त्याच्याही कडेला जावेचा पाय होता. टाच उभी फाटलेली. जोडवं झिजून एका बाजूनं पातळ झालेलं. हे जोडवं आपण दोघींनी एकाच सोनाराकडं, कराडला, एकाच दिवशी... त्यांनी नजर हलवली. पुन्हा तिथंच गेली. पाय जरा अवघडला असावा. शालूबाईंनी तो नकळत पुढं सरकवला आणि अंगठा डब्याच्या तोंडासमोर, चेंडूच्या वाटेत आला. त्यांचं लक्ष सयाजीकडं होतं.

सयाजी खाली वाकला होता. त्यानं एकदा डबा बघितला, एकदा चेंडू, आणि श्वास सोडला. पटर मागं जाऊ लागला.

"पाय काढ," रंगूबाई म्हणाल्या.

मनुबाईंचा पदर दातांतून सुटला. मानसिंगच्या हातातली टेप सर्रकन आत गेली.

"काढला, आक्का," शालूबाई म्हणाल्या.

सयाजीनं आईचा आवाज ऐकला. तो कुणाला उद्देशून होता तेही ऐकलं. त्याच्या मानेतली शीर उठली. नेमिनाथ टोपीकडं बघत होता. टोपी हलली नाही. पटर खाली आला, चेंडूला लागला, पुढं गेला, आणि सयाजी तसाच वाकून, आता रिकाम्या झालेल्या जागेकडं बघत राहिला.

टण.

"लाभ," लालासाहेब म्हणाले.

मग त्यानं वर बघितलं. दोन्ही तोंडं खालीच होती, डब्याकडं.

"टाच लय भेगाळलीय तुजी," रंगूबाई डब्याला म्हणाल्या. मग मान उचलून, जावेला, "करंजाचं त्याल हाय माज्यापाशी. रातच्याला लाव."

"लावते."

"लावते म्हनशील आन इसरशील. मीच लावते."

शालूबाईंनी काही बोलायचा प्रयत्न केला. "आक्का, त्यानं गळ्याची शपत घातली व्हती, न्हाईतर मी..."

"म्हाईत हाय मला. पयल्या दिशीच म्हाईत व्हतं." रंगूबाईंनी चेंडू डब्यातून काढला, पदरानं पुसला आणि मुलाकडं सारला. "तू काय बघतोयस? मार. रवार जवळ आलाय."

त्या दिवशी त्यानं किती मारले ते मानसिंगनं मोजायला घेतलं होतं, पण मध्येच आकडा सुटला, कारण बायकांनी बोलायला सुरुवात केली आणि सहा वर्षांचं राहिलेलं होतं. अधूनमधून लालासाहेब "माप" म्हणत. मग सगळ्या गप होत, सयाजी मारी, आणि डबा वाजला की बोलणं होतं तिथून पुन्हा सुरू होई. कुणाच्या रेड्यानं कुणाचं शेत खाल्लं, सोनार मेला, त्याचा मुलगा दागिन्याचा जोड नीट लावत नाही. मध्येच गप होणं आणि पुन्हा बोलणं, यात भीतीसारखं काही नव्हतं. दुपार कलेपर्यंत सयाजीची पाठ कोरडी झाली होती. संध्याकाळी खांबाशी कुणी बोललं नाही. मनुबाईंनी तेवढ्यात टोमणा मारून घेतला: "आता खांबाला एकलं वाटंल गं."

"तू बस त्याच्यापाशी," दोघी जावा एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. लालासाहेबांनी ती मागून घेतली आणि करपल्या बाजूनं खाल्ली.

*

रविवारी सर्व्हिस मोटारीनं सगळेच साताऱ्याला गेले. मनुबाईंना नेऊ नये असं मानसिंगचं मत होतं. ते कुणी विचारात घेतलं नाही.

अजिंक्यताऱ्याच्या अंगाला धुकं होतं, ते नवापर्यंत उठलं. कमिटीचे दोन वकील आणि गोरा सेक्रेटरी छत्र्या रोवून उभे होते. जोतीराम उंच, मोकळा, हसरा होता. त्यानं सयाजीला विडी देऊ केली आणि मांडी कशी आहे ते विचारलं. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं रंगूबाईंना वाटलं.

आठ भोकं झाली तेव्हा दोघांचे फटके सारखे होते. नवव्यावर जोतीरामनं पाच घेतले. सयाजीचा तिसरा फटका वाळूवर येऊन थांबला, भोकापासून दसऱ्याच्या वेळेपेक्षा लांब. हा गेला तर चार.

पोऱ्यानं ओलं पोतं ओढून चेंडूपासून भोकापर्यंत वाळू सारखी केली. कडेच्या उतारावर चाळीसभर माणसं होती. सेक्रेटरीनं हात वर केला, आणि मग त्याचं लक्ष उतारावरच्या एका ओळीकडं गेलं. लुगडी नेसलेल्या तीन बायका, एक फेट्यातला म्हातारा आणि दोन तरुण तिथं मांडी घालून बसले होते. त्यांची पायताणं त्यांच्या मागं ओळीनं काढलेली होती. त्यानं हात वर करायच्या आधीपासूनच ती माणसं गप होती. त्यानं शेजारच्या वकिलाला काही विचारलं. वकिलानं मान हलवली, त्यालाही ठाऊक नव्हतं.

सयाजी पोत्याच्या पट्ट्याच्या टोकाशी उभा राहिला. कॅम्पात कुठं तरी बिगुल वाजायचं थांबलं. मग इतकं शांत झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला, आणि त्या शांततेत, कुठं बघायला न जाता, त्याला ठाऊक होतं की उतारावर दोन बायका खांद्याला खांदा लावून बसल्या आहेत, आणि त्या गप आहेत त्या बोलणं मध्येच थांबवून. उरलेलं बोलणं त्याच्यासाठी अडलं आहे.

एकदा भोक. एकदा चेंडू. श्वास.

पटर मागं गेला, पुढं आला. टोपी हलली नाही. चेंडू निघून गेला आणि तो वाळूवर चेंडूनं सोडलेल्या बारक्या खळग्याकडं बघत वाकून राहिला, कान देऊन.

भोकात पत्र्याची वाटी होती.

मनुबाईंचा पदर दातांतच राहिला. लालासाहेबांनी ओठ हलवले. आवाज आला नाही, पण शालूबाईंना शब्द दिसला. रंगूबाई जावेच्या कानाशी वाकून मोटारीत अर्धवट राहिलेली गोष्ट पुढं सांगू लागल्या.

मानसिंगनं सेक्रेटरीची परवानगी घेऊन खळग्यापासून भोकाच्या काठापर्यंत टेप लावली. चार फूट सात इंच. नेमिनाथनं वकिलाच्या हातातल्या कार्डावरून बेरजा मोठ्यानं वाचल्या.

जोतीराम, बेचाळीस. सयाजी, एक्केचाळीस.